बसून बघितल्याशिवाय

"शेवटची गोळी कधी घेतलीत, आजी?"

भूलतज्ज्ञ बाईंनी हे विचारलं तेव्हा आई चाकांच्या खाटेवर आडवी होती, डोक्यावर कागदी टोपी होती आणि शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार अर्धं उघडलेलं होतं.

"कुठली गोळी?"

"कुठलीही."

"काल घेतली की. रक्त पातळ ठेवायची."

बाईंचा हात कागदांवर थांबला. त्यांनी पानं मागेपुढे केली. "ही इथे नाहीये. कुणी दिली?"

"तुम्हीच," आई म्हणाली. "म्हणजे तुमच्यातल्याच कुणीतरी. पाय सुजला होता तेव्हा. रक्तवाल्यांनी."

अर्धं उघडलेलं दार आतून कुणीतरी लावून घेतलं.

धाकट्या लेकीला घरात सगळे ठिणगी म्हणत. नाव लहानपणी पडलं होतं आणि तिने ते इमानाने टिकवलं होतं. नातेवाइकांना ज्या पिवळ्या रेघेपर्यंत येऊ देत तिथे ती उभी होती. खाट उलटी फिरताना दिसली आणि तिने रेघ ओलांडली.

सर्जन स्वतः बाहेर आले. माणूस चांगला होता, तोच त्रास होता; ओरडायला धड जागा मिळत नव्हती.

"या गोळीचं आम्हाला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"याच इमारतीत लिहून दिलीय."

"तो विभाग वेगळा, ताई. आमची तपासणी झाली तेव्हा ही गोळी सुरू नव्हती. मध्येच एक जागा रिकामी झाली म्हणून आपण यांना लवकर घेतलं."

"विभाग वेगळा असेल. बाई तर तीच आहे ना?"

"जरा हळू बोललात तर—"

"काल सबंध दिवस ती पोट साफ करायचं ते खारट पाणी पीत होती. न्हाणीघरात भिंतीला धरून उभी होती. पोटात अन्नाचा कण नाही. आणि मी हळू बोलू?"

सर्जननी टोपी काढून हातात घेतली आणि नीट समजावून सांगितलं. ती गोळी अंगात असताना कापलं तर रक्त थांबायचं नाही. ती नुसतीच बंद केली तर पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. किती आधी थांबवायची, मधल्या काळात बदली काय द्यायचं, रक्ताच्या कर्करोगाच्या गोळ्यांचं काय करायचं, हे सगळं रक्त विभागाने ठरवायला हवं. त्यांच्याकडून आलं की नवी तारीख.

"आणि तोवर आतड्यातली ती गाठ थांबणार आहे?"

"आतड्यातली वाट अरुंद झालीय. ती पूर्ण बंद झाली तर घाईघाईत ऑपरेशन करावं लागेल. यांचं रक्त बघता ते मला अजिबात नकोय."

"रक्त विभागाची आमची वेळ पुढच्या महिन्यात आहे."

"लवकरची मिळते का बघा."

"कोणी बघायचं?"

"तुमची समन्वयक असेल ना."

"दोन आहेत," ठिणगी म्हणाली. "तुमच्या विभागाची एक, त्यांच्या विभागाची एक. ही म्हणते ती बघतेय, ती म्हणते ही बघतेय. दोघींचा आवाज इतका गोड की फोन ठेवल्यावर लक्षात येतं, काहीच झालेलं नाही."

सर्जन काही म्हणणार होते, पण आतून त्यांना पुढच्या रुग्णासाठी हाक आली.

खिडकीपाशी जाऊन तिने दादाला फोन लावला. मागे करवत चालू असल्याचा आवाज येत होता.

"ती गोळी मला का नाही सांगितलीस?"

"तू मला तारीख सांगितली होतीस?" दादा म्हणाला. "काल तिच्या हातात त्या खारट पाण्याची बाटली दिसली तेव्हा कळलं मला."

करवत थांबली. दोघांनीही फोन ठेवला.

*

कारखाना खाली आणि घर वर. कारखाना म्हणजे खुर्च्यांचा. दारातून शिरलं की डाव्या भिंतीला दादाचं टेबल: सांगाडे, लाकूड आवळायचे शिकंजे, सरसाचा डबा. उजव्या भिंतीला ठिणगीचं: पट्ट्या, स्प्रिंगा, काथ्या, कापडाचे गठ्ठे. मधे मोकळी फरशी, आणि त्या फरशीवर वहिनीचा वावर, कारण ऑर्डरी घेणं आणि माल पोचवणं तिच्याकडे. लग्न होऊन आल्यावर तिला पहिला नियम शिकवला गेला तो हा, की दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा नाही. सासरे होते तेव्हा त्यांनी एकदा सासूबाईंची कात्री न विचारता घेतली होती. पुढचा आठवडाभर सासूबाई त्यांच्याशी मुलांमार्फत बोलल्या.

आता सासूबाई एका अर्धवट खुर्चीत बसल्या होत्या. खुर्चीला अजून कापड चढलं नव्हतं. त्या चहात बिस्किटं बुडवून खात होत्या, एकामागून एक, कुणाकडे न बघता. भूक लागलेल्या माणसाचं खाणं बघू नये म्हणून वहिनी खिळ्यांचे डबे सारखे करत होती.

"रक्ताच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं," दादा म्हणाला. "चालू गोळ्यांचा फेरा आधी पूर्ण होऊ दे. माझ्या डॉक्टरांना न विचारता तुम्ही तारीख घेऊन मोकळ्या झालात."

"तुझे डॉक्टर! विकत घेतलेस का?"

"तू नाही म्हणत, 'माझे सर्जन'?"

"माझे सर्जन निदान फोन उचलतात."

"हो, आणि आईला दारातून परत पाठवतात."

"एक काम करा," दाराजवळच्या स्टुलावरून मामा म्हणाले. मामा आईचे धाकटे भाऊ. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या आणि आता बहिणीकडे रोज दुपारी येऊन चुका काढत. "तुमचे तुमचे डॉक्टर या फरशीवर आणून सोडा. जो जिंकेल त्याच्याकडे आक्काला नेऊ."

"मामा, ही थट्टेची वेळ आहे का?"

"थट्टा कोण करतंय? एका इमारतीत दोन लिफ्ट असल्या ना, तर आम्ही दोघींना एक तार जोडतो. ही कुठल्या मजल्यावर आहे ते तिला कळावं म्हणून. नाहीतर दोघी जाऊन एकाच मजल्यावर उभ्या राहतात आणि खाली लोक ताटकळतात. लिफ्टला कळतं हे. एवढ्या मोठ्या दवाखान्याला कळत नाही?"

"दवाखान्याचं सोडा," ठिणगी म्हणाली. "एक साधी गोळी यांना बहिणीला सांगता आली नाही."

"मला वाटलं ते आपसात बोलत असतील. कॉम्प्युटर आहेत, सगळं आहे." दादा बायकोकडे वळला. "तू तरी समजाव हिला."

डब्यांवरचा हात न काढता वहिनी म्हणाली, "काय समजावू? गोळी सुरू झाली त्या दिवशी तुम्ही वर येऊन मला सांगितलंत. मी म्हटलं, ठिणगीला सांगा. काय म्हणालात आठवतंय? 'तिचं आतडं आहे, ती बघेल.'"

"मी असं म्हणालो नाही."

"अस्संच म्हणालात. 'तिचं आतडं.'"

ठिणगीने मान ताठ केली. "ऐकलंस ना आई? वहिनी, बरं झालं तू—"

"तू गप्प बस." वहिनीचा आवाज चढला तसे मामा स्टुलावर सरळ झाले, हा आवाज या घराला सवयीचा नव्हता. "परवा तारीख आली तेव्हा तू मला शपथ घातलीस, दादाला बोलू नकोस, तो मोडता घालेल. म्हणजे गोळी मला माहीत, तारीख मला माहीत, आणि माझ्या तोंडाला दोन्हीकडून कुलूप. दोघं बहीणभाऊ आपापलं टेबल झाडत बसलात. त्या दोन विभागांना नावं कसली ठेवता? तुम्ही वेगळं काय केलंत?"

बाहेरच्या रस्त्यावरून एक टेम्पो मागे घेत होते, त्याची पिंपिं ऐकू येत राहिली. दादाने कानावरची सुतारी पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली.

"मलाही माहीत होतं," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"गोळी मीच गिळत होते आणि तारीख माझीच होती. मग माहीत नसेल?"

"मग बोलली का नाहीस?" ठिणगी म्हणाली.

"मला वाटलं, त्यांना माहीत असेल. तिथे सगळे सगळं माहीत असल्यासारखे बोलतात. जिथे जाईन तिथे जन्मतारीख विचारतात. रक्त घेताना विचारतात, फोटो काढताना विचारतात. मला वाटलं, जन्मतारीख इतक्या वेळा विचारणाऱ्यांनी बाकीचं लिहून ठेवलं असेल." तिने कप खाली ठेवला. "आणि ही वाटणी मी केली. नुसता रक्तातला होता तेव्हा दादा यायचा माझ्याबरोबर. मग आतड्यातला निघाला. डॉक्टर म्हणाले, हा पहिल्यातून आलेला नाही, हा वेगळाच, नवा. मी म्हटलं, वेगळा आहे ना, मग वेगळ्या हातात देऊ. कामाची वाटणी करते तशी केली. मला तीच एक पद्धत येते."

"तुझी काही चूक नाही," दादा म्हणाला.

"निम्मी माझी आहे, ती मी घेते. बाकीची निम्मी मी कुणालाही माफ करणार नाही." ती हात टेकून उठायला लागली. दोघंही पुढे झाले, तिने दोघांनाही हाताने बाजूला केलं. "सूनबाई, खुर्ची दाराबाहेर जाण्याआधी इथे काय होतं?"

"तुम्ही बसून बघता."

"का?"

"सांगाडा चांगला असतो, गादी चांगली असते, आणि तरी कधीकधी..."

"आणि तरी माणूस बसलं की करकरते. बसून बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही दोघं कितीही उत्तम काम करा, मी बसल्याशिवाय एक नग बाहेर गेलेला नाही. तिकडे माझ्यावर कोण बसून बघतंय?"

"तुझ्यावर बसायची हिंमत कुणाची आहे, आक्का?" मामा म्हणाले.

हसली फक्त आईच. मग तिचं हसू विझलं. "उद्या सकाळी सगळ्यांनी जायचं," ती म्हणाली. "आणि उद्या टेबलं बदलायची."

*

रक्त विभाग एका टोकाला आणि पोट-आतड्यांचा दुसऱ्या टोकाला, आणि त्यांना जोडणारा एक बोळ. बोळाच्या मधोमध हिरव्या रेक्झिनचा बाक. या बाकाशी आईची जुनी ओळख होती. आतल्या पट्ट्या सैल झाल्या होत्या आणि मधली दांडी वर आली होती. वरून बघणाऱ्याला बाक धडधाकट दिसे.

ती बसली. दादा सवयीने रक्त विभागाकडे वळला.

"तिकडे नाही," ती म्हणाली. "तू सर्जनकडे. ही जाईल तिकडे."

"पण मी त्यांना कधी भेटलोही नाही!"

"मग आता भेट."

दादा गेला. ठिणगी आधीच रक्त विभागाच्या खिडकीशी पोचली होती, आणि तिचा आवाज सबंध बोळाला ऐकू येत होता.

"अपॉइंटमेंट आहे का?" खिडकीतली मुलगी विचारत होती.

"पुढच्या महिन्यात."

"मग पुढच्या महिन्यात या."

"आतड्यातली गाठ पुढच्या महिन्यात येणार नाहीये, बाई. ती आत्ताच येऊन बसलीय. तिला तुमची वेळ सांगू का?"

"आतड्याचं आमच्याकडे नसतं. समोरच्या विभागात जा."

"समोरचे म्हणतात इकडे जा. मी आता बोळातच बिऱ्हाड करते. भांडी आणू?"

वहिनी आईच्या शेजारी बसली होती. "हिला आत घेतील लवकर," ती हळूच म्हणाली. "नाही घेतलं तर ही खिडकी काढून घेईल."

आधी दादा परत आला. तो आला तेव्हा त्याच्या तळहातावर निळ्या शाईने काहीतरी काढलेलं होतं. सर्जनना पटकन कागद सापडला नव्हता. एक वळणदार नळी, आणि तिच्यात एका बाजूने वाढलेला गोळा. "इतकीच वाट उरलीय आई," त्याने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. दोन्हींच्या मधून कानावरची पेन्सिल गेली असती, एवढंच अंतर. "आणि मी म्हणत होतो, फेरा पूर्ण होऊ दे."

आईने त्याचा हात उलटा केला आणि झाकून ठेवला.

मग ठिणगी आली. तिचा आवाज खाली आला होता. "गुठळी मांडीपर्यंत होती, दादा. मला वाटलं, नुसती सूज आहे."

"तू विचारलं नाहीस."

"हो," ती म्हणाली. "नाही विचारलं."

थोड्या वेळाने बोळाच्या एका टोकाकडून सर्जन आले आणि दुसऱ्या टोकाकडून रक्ताचे डॉक्टर. दोघांच्या चालण्यात घाई होती. बाकापाशी येऊन दोघं थबकले आणि एकमेकांकडे बघून अर्धवट हसले.

"आपण...?" सर्जन म्हणाले.

"तुमची पत्रं येतात माझ्याकडे. रक्त विभाग."

"अच्छा, तुम्हीच का! तुमचीही येतात."

आई खालून बघत होती. गेले कित्येक महिने हे दोघं तिच्या शरीराचं काय करायचं ते ठरवत होते. एकाने तिच्या रक्तात औषध घातलं, दुसऱ्याने तिच्या पोटावर खुणा केल्या. एकाच छपराखाली, एकाच उपाहारगृहात जेवून. आणि यांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं.

"या रक्त पातळ करायच्या गोळीचं काय करायचं?" सर्जननी विचारलं.

"दोन दिवस आधी बंद करा. गुठळी आता जुनी झालीय. मध्ये इंजेक्शन देऊ, मी डोस ठरवतो."

"आणि तुमच्या मूळ गोळ्या?"

"त्या आजपासून बंद. जखम भरेपर्यंत नकोतच. तेवढी विश्रांती त्यांच्या रक्ताला चालेल, गेल्या वेळचे आकडे चांगले आहेत."

"मला वाटत होतं, तुम्ही थांबायला नाही म्हणताय."

"छे. मला कुणी विचारलंच नाही. मला फक्त एवढंच कळलं होतं की पुढे कधीतरी ऑपरेशन आहे."

"मग येत्या आठवड्यात घेऊ?"

"घ्या की."

सर्जन आईकडे वळले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "झालं, आजी. मिटलं सगळं."

"एवढंच होतं?" आई म्हणाली.

"हो, एवढंच."

"एवढ्यासाठी मला टोपी घालून दारातून परत पाठवलंत? एवढ्यासाठी माझी पोरं कालपासून एकमेकांचं तोंड बघत नाहीयेत?" ती ओरडत नव्हती, तिचा आवाज टेबलावर कापड सपाट करतानाचा होता. "मला वाटत होतं, काहीतरी अवघड आहे. माझे दोन आजार एकमेकांशी भांडतायत, त्यातून वाट काढायला मोठे मोठे लोक डोकं खाजवतायत. आजारांचं काही भांडणच नव्हतं. तुम्ही चार वाक्यं बोलला नव्हतात."

रक्ताच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "आमच्या विभागाची दर आठवड्याला बैठक असते. तुमचं नाव तिथे येतं."

"आमच्याही बैठकीत येतं," सर्जन म्हणाले.

"वेगवेगळ्या वारी," ठिणगी म्हणाली.

रक्ताच्या डॉक्टरांनी चष्मा परत लावला.

"आता मला एक माणूस सांगा," आई म्हणाली. "विभाग नको, समन्वयक नको. पुन्हा पाय सुजला, पोट दुखलं, कुणी नवी गोळी दिली, तर मी कुणाला सांगायचं? एकालाच. दुसऱ्याला सांगायचं काम त्याचं."

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. दादा आणि ठिणगी सरसाची बरणी कुणी उलटी केली असं विचारल्यावर लहानपणी बघत, तसंच.

"मी," शेवटी रक्ताचे डॉक्टर म्हणाले. "आतड्याचं काम ऑपरेशननंतर कधीतरी संपेल. माझं चालू राहणार आहे. मला सांगा."

"मग बसा."

"काय?"

"बसा इथे. आमच्याकडे नग ज्याच्या जबाबदारीचा, त्याने बसून बघायचं असतं."

वहिनी चटकन उठली आणि तिने जागा करून दिली. डॉक्टर बसले. बाक मधोमध खचला आणि त्यांचा चेहरा किंचित वाकडा झाला. ते उठायला लागले. "मी खोलीत जाऊन शस्त्रक्रिया कार्यालयाला फोन करतो, म्हणजे तारीख—"

"उठू नका. इथूनच लावा."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि आईला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. आधी वाजंत्री लागली. मग एक मंजूळ बाई म्हणाली, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा वाजंत्री. ही चाल आईला पाठ होती. बऱ्याच वेळाने एक खरा आवाज आला.

"कुठला विभाग?"

"रक्त. ऑपरेशनसाठी नवी तारीख हवीय."

"रक्त विभागाच्या ऑपरेशन तारखा आमच्याकडे नसतात. रक्त विभागाला विचारा."

"अहो, मीच रक्त विभाग बोलतोय!"

"मग आतड्यांच्या विभागाकडून यायला हवं. त्यांना आम्हाला कळवायला सांगा."

डॉक्टरांनी मान वर केली. सर्जन समोरच उभे होते. त्यांनी हात पुढे केला, फोन घेतला आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "आतड्यांचा विभाग. बोला."

"फोन धरा हं," तो आवाज म्हणाला, आणि वाजंत्री परत सुरू झाली.

रक्ताच्या डॉक्टरांनी बसल्या जागी चुळबुळ केली.

"दांडी टोचतेय?" आईने विचारलं.

"हो. फारच."

"तिथेच टोचते. जरा डावीकडे सरका, तिथे बरं आहे. मी शोधून ठेवलंय." तिने पदर सावरून आणखी थोडी जागा केली आणि सर्जनकडे बघितलं. "तुम्हीही या. उभं कशाला राहायचं?"

सर्जन फोन कानाशी धरून बसले. बाक आणखी खचला. वाजंत्री चालू होती, दादा आणि ठिणगी समोरच्या भिंतीला खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि तारीख येईपर्यंत आईने कुणालाच उठू दिलं नाही.